वेलीला कात्री

सावकाशराव हे काही खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे, आणि तो परवाना काचेमागे इतका पिवळा पडलाय की ते आता खुद्द त्यांनाही धड वाचता येत नाही. पण त्या रस्त्यावर कुणालाही विचारा, सावकाशरावांचं सलून कुठे? तो बोट करून दाखवेल आणि वर हळूच विचारेल, "वेळ आहे ना हाताशी?"

कारण दुसरीकडे ज्या कामाला पंधरा मिनिटं लागतात त्याला इथे पाऊण तास लागायचा. सावकाशराव आधी गिऱ्हाइकाकडे मागून बघणार, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग दोन पावलं मागे सरून आरशातून. मग कात्री उचलणार, आणि ती परत ठेवून कंगवा उचलणार. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की म्हणायचे, "सावकाश, सावकाश. केस काय पळून जातायत?" कोपऱ्यावरचा चष्मेवाला सगळ्यांना सांगायचा की मी खुर्चीत बसलो तेव्हा बायको माहेरी निघाली होती, उठलो तेव्हा चांगली राहून परत आली होती. हाच चष्मेवाला दर महिन्याला न चुकता त्याच खुर्चीत येऊन बसायचा, ती गोष्ट निराळी. त्या खुर्चीतून बिघडलेलं डोकं घेऊन उठलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

ही सावकाशी काही जन्मजात नव्हती. ती त्यांना एका मिशीनं शिकवली होती.

एकोणिसाव्या वर्षी सावकाशराव या दुकानात काम शिकायला आले. दुकान वस्तादांचं. वस्ताद म्हणजे बुटके, रुंद, भुवया दोन ब्रश चिकटवल्यासारख्या, आणि बोलणं मोजून मापून. त्यांच्या हाताखाली शिकायचं म्हणजे आधी सहा महिने झाडू, पुढे सहा महिने साबणाचा फेस, आणि मग नशिबात असेल तेव्हा कात्री. पण सावकाशरावांच्या हाताला तेव्हा भलती घाई. एके दुपारी वस्ताद जेवायला घरी गेले होते आणि पोस्टमास्तर मिशी नीट करून घ्यायला आले. पोस्टमास्तरांची मिशी साधीसुधी नव्हती. रस्त्याच्या वळणावर पोस्टमास्तर दिसायच्या आधी ती दिसायची. सावकाशरावांनी तिची डावी बाजू जराशी कातरली. मग उजवी जास्त वाटायला लागली, म्हणून उजवी कातरली. मग डावी जास्त. लोणी वाटणाऱ्या माकडाचा न्याय सुरू झाला, आणि वस्ताद जेवून आले तेव्हा पोस्टमास्तरांच्या नाकाखाली दोन काळे ठिपके शिल्लक होते. पोस्टमास्तर आरशात बघत एवढंच म्हणाले, "आता घरात कोण घेईल मला?"

वस्तादांनी सावकाशरावांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि पुढचं वर्षभर परत झाडू दिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; सावकाशराव पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. वर्षानं कात्री हातात परत आली तेव्हा त्यांनी ती जी हळू धरली ती धरलीच.

त्याच झाडूच्या वर्षातली दुसरी गोष्ट वेलीची. लोक मनीप्लांट म्हणतात ती ही वेल. पत्त्यांतल्या बदामासारखी पानं, त्यांवर पिवळे फराटे. वस्तादांनी कुठून तरी आणून पत्र्याच्या डब्यात लावली होती आणि मधल्या आरशावरच्या फळीवर ठेवली होती. एक दिवस झाडता झाडता सावकाशरावांना वाटलं, शेंडा आरशासमोर येतोय. त्यांनी विचारलं, "वस्ताद, एवढं छाटून टाकू का?"

वस्ताद गर्रकन वळले. "या वेलीला कात्री लावायची नाही. खबरदार!"

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. वस्तादांना ‘का’ विचारायची त्या दुकानात पद्धतच नव्हती.

त्याला आता एकतीस वर्षं झाली. वेल तिन्ही आरशांच्या माथ्यावरून गेली, दारावरून वळली, समोरची भिंत धरून थेट खिडकीपर्यंत पोचली. तिथे थांबलेल्या गिऱ्हाइकांचा बाक होता आणि बाकाच्या टोकावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याशी, तिचा शेंडा लोंबायचा. हात-हात अंतरावर खिळा आणि खिळ्याला दोऱ्याचा सैल फास, असं करत करत सावकाशरावांनी तिला तिथवर नेलं होतं. अशा वेलीला फार काही लागत नाही. खिडकीतला उजेड पुरतो, ऊन अंगावर घ्यायला तिला आवडत नाही. माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यायचं, नाही लागली तर गप्प बसायचं. पण सलूनमध्ये पानांवर पावडर बसते, बारीक केस चिकटतात. म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की सावकाशराव मान झाडायचा मऊ ब्रश घेऊन स्टुलावर चढायचे आणि एकेक पान झाडून ओल्या फडक्यानं पुसायचे.

बायको म्हणायची, "माझी सवत आहे ती. मला कधी स्टुलावर चढून विचारलंत, कशी आहेस म्हणून?"

"अगं, तू भिंतीवर चढत नाहीस ना!"

खरं सांगायचं तर वेल आता दिसायला काही खास राहिली नव्हती. जुनी पानं गळत गेली होती आणि मागे उरला होता नुसता दोर, पेरापेराला तपकिरी मोड आलेला. पानं काय ती शेवटच्या पाच-सहा हातांवर. नवं गिऱ्हाईक विचारायचं, हिला छाटत का नाही? मग जुनी गिऱ्हाइकं आपापलं कारण सांगायची. कुणी म्हणे वस्तादांच्या आईनं दिलेली आहे. कुणी म्हणे छाटली तर दुकान बसेल असं कुणीतरी सांगितलंय. चष्मेवाल्याच्या मते वस्तादांचं तरुणपणी कुणावर तरी मन होतं आणि ती जाताना हा वेलीचा तुकडा देऊन गेली. सावकाशराव यांतलं काहीच नाकारायचे नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की वस्तादांनी नको म्हटलंय.

चौदा वर्षांपूर्वी वस्तादांची नजर गेली. सावल्या दिसत, माणसं दिसत नसत. त्यांनी दुकान सावकाशरावांच्या हवाली केलं आणि घरी बसले. फक्त बुधवारी दुपारी, दुकान रिकामं असायच्या वेळेला, सून त्यांना हाताला धरून घेऊन यायची. सावकाशराव त्यांची दाढी करायचे. पुसून झालं की वस्ताद उलट्या हातानं स्वतःचा गाल चाचपायचे आणि म्हणायचे, "चालेल." मग बाकावर येऊन बसायचे, हात वर करून वेलीच्या शेंड्याचं एक पान दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "चालेल." झालं. सून म्हणायची, "निघू या बाबा?" आणि दोघं निघायचे.

इतक्या वर्षांत ‘चालेल’च्या वर एक शब्द मिळाला नव्हता. सावकाशराव पन्नाशीचे झाले, त्यांच्या हाताखालून आख्ख्या वस्तीची डोकी गेली, ज्यांच्या मुंजीच्या वयाच्या डोक्यांवरून हात फिरवला त्यांचे कल्ले पांढरे झाले. तरी दर बुधवारी टॉवेल बाजूला केल्यावर त्यांचे कान टवकारायचे. आज तरी काही जास्त बोलतील का? बायकोला हे ठाऊक होतं. या एका बाबतीत ती त्यांना कधी चिडवायची नाही.

मागच्या वर्षी तिनं एक कुंडी आणली. चिनीमातीची, निळीशार, इतकी गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटावं. "घ्या, तुमच्या लाडकीला नवं घर," म्हणाली. जुन्या पत्र्याच्या डब्याची गंजून तळाला चाळणी झाली होती, पाणी घातलं की आरशावर ओघळ यायचे. सावकाशरावांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून, मुळाला धक्का न लावता, वेल नव्या कुंडीत बसवली. आरशावरचे ओघळ थांबले. दोघांनाही कोण आनंद झाला.

काही महिन्यांनी शेंड्याकडचं एक पान पिवळं पडलं. मग दोन. मातीत बोटही न घालता सावकाशरावांनी ओळखलं, हिला तहान लागलीय. ते रोज संध्याकाळी केसांवर मारायच्या पाण्याच्या बाटलीत उरलेलं पाणी कुंडीत ओतायला लागले. पानं आणखी पिवळी झाली. मग सकाळीही पाणी सुरू केलं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, पण इलाज करणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

एका शनिवारी बागेतला माळी केस कापायला आला. कुठेही गेला तरी याचं लक्ष आधी झाडाकडे. त्यानं कुंडी उचलून बघितली, मातीत बोट खुपसलं, बोटाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग कुंडी वाकडी करून बूड बघितलं.

"सावकाशराव, हिला खाली भोकच नाही हो. पाणी जाणार कुठे? मूळ कुजलंय सगळं."

सावकाशरावांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "मग?"

"मूळ गेलं ते गेलं. पण वरचा दोर जिवंत आहे अजून." त्यानं नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. "याचे वीत-वीत तुकडे करा. प्रत्येकात पेर आलं पाहिजे. पेर बुडेल इतक्या पाण्यात बाटलीत उभे करा. पंधरा-वीस दिवसांत मुळं सुटतात. पण येत्या चार-पाच दिवसांत करा, कूज वर चढत चाललीय. आणि मातीत लावल्यावरही मधूनमधून शेंडे छाटत जा. छाटलं की दाट येतं."

यावर सावकाशराव हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. छाटलं की दाट येतं, हे वाक्य तर त्यांचं स्वतःचं होतं. आया लहान बाळांना कडेवर घेऊन दुकानात यायच्या, "एकदा गोटा केला की केस दाट येतात ना हो?" सावकाशराव म्हणायचे, "येतात म्हणजे? कंगवा मोडेल!" आणि त्यांना पक्कं माहीत होतं की ही शुद्ध थाप आहे. केसाला कात्रीची खबरही नसते. जेवढे यायचे तेवढेच येतात. नाहीतर तरुणपणी दोनदा गोटा करून घेतलेल्या त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आज जंगल असतं. पण आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं त्यापुढे खरं बोलायची कुणाची छाती!

"माळीदादा," ते म्हणाले, "ही थाप आमच्या धंद्यातली आहे. तुम्ही कुठून उचललीत?"

"थाप कसली! वेल आहे ती, केस नव्हे."

"कापलं की कापलं. खाली पडलेलं मी एकतीस वर्षं झाडूनं गोळा करतोय. त्याला मूळ फुटलेलं एकदाही पाहिलं नाही."

माळ्यानं कपाळावर हात मारला आणि खुर्चीत जाऊन बसला.

घरी गेल्यावर सावकाशरावांनी बायकोला वेलीचं सांगितलं, कुंडीचं सांगितलं नाही. "पाणी माझंच जास्त झालं," एवढंच म्हणाले. बायको ऐकत होती, हातातलं काम तसंच टाकून.

"मग कापा की. माळी सांगतोय ना?"

"वस्तादांनी नको म्हटलंय."

"अहो, पण मरायला टेकलीय ती!"

"कापली म्हणजे जगेल याचा काय भरवसा? आणि बुधवारी वस्ताद येतील, शेंड्याला हात लावतील, तेव्हा काय दाखवू?"

बायकोनं जरा विचार केला. "त्यांना दिसतंय कुठे? शेंड्याची चार पानं तेवढी खिळ्याला बांधून ठेवा जागच्या जागी. हात लावतील, चालेल म्हणतील, जातील. तोवर बाकीच्यांना मुळं सुटतील."

"दिसत नाही म्हणून फसवायचं त्यांना?"

"फसवायचं कुठे म्हणतेय मी? वेल वाचवायची म्हणतेय."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि तेच सावकाशरावांना जड जात होतं.

मंगळवारी दिवेलागणीला शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दार लोटलं, स्टूल घेतलं आणि कात्री घेऊन वर चढले. कात्रीची पाती दोराच्या दोन्ही बाजूंना लावली. त्या हातानं एव्हाना शहरातली कुठलीही मिशी डोळे मिटून सारखी केली असती. पण त्यांच्या कानात खबरदार वाजलं ते असं, की जणू वस्ताद मागेच उभे आहेत. ते खाली उतरले, कात्री पुसून जागेवर ठेवली आणि घरी गेले. बायकोनं चेहरा बघितला आणि ताट वाढलं.

बुधवारी सकाळी बाकावर तीन पानं गळून पडली होती.

दुपारी वस्ताद आले. दाढी झाली. गाल चाचपून "चालेल" म्हणाले. सुनेनं त्यांना बाकावर आणून बसवलं. सावकाशराव टॉवेलची घडी घालत राहिले, घातलेली घडी मोडून परत घालत राहिले. वस्तादांनी हात वर केला, पान सापडलं नाही. चाचपत चाचपत एक सापडलं. ते त्यांनी दोन बोटांत धरलं आणि हळूहळू चोळलं, केसाचा पोत बघतात तसं.

"मुळाला काहीतरी झालंय," वस्ताद म्हणाले.

सावकाशरावांनी टॉवेल ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कुंडी, पाणी, माळी, तुकडे, बाटल्या. बायकोनं सुचवलेली युक्ती आणि ती आपल्याला अगदीच चुकीची वाटली नव्हती, तेही सांगितलं. वस्तादांनी मान खाली घालून ऐकलं.

"माळ्यानं सांगितलं तर मग कापली का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"मी? मी कधी म्हणालो?"

"एकतीस वर्षं झाली. मी झाडत होतो. तुम्ही म्हणालात, या वेलीला कात्री लावायची नाही. खबरदार."

वस्तादांच्या त्या दोन ब्रशांसारख्या भुवया एकमेकींना भिडल्या. ते आठवत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. सून घाबरून पुढे झाली, "बाबा, काय होतंय?" पण बाबा हसत होते. पोट धरून, बाकाला पाठ टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. सावकाशरावांनी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"अरे गाढवा! पोस्टमास्तरांच्या मिशीचं वर्ष ते! वेल होती एवढीशी, वीतभर. पानं मोजून चार. तू छाटू का म्हणालास आणि माझ्या डोळ्यांसमोर ती मिशी आली. म्हटलं, हा आता एक पान इकडून कापणार, एक तिकडून कापणार, आणि सारखं करता करता माझा नुसता डबा उरणार! म्हणून ओरडलो. तुझ्या हातून वाचावी म्हणून. वर्षभरानं तुला कात्री परत दिली की नाही? तेव्हाच मिटलं होतं ते!"

"मला नाही कळलं ते," सावकाशराव म्हणाले.

वस्ताद डोळे पुसता पुसता थांबले. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "मी एकदा ओरडलो म्हणून एकतीस वर्षं?"

सावकाशरावांनी टॉवेलची घडी पुन्हा मोडली.

"कात्री आण."

सावकाशरावांनी लांब पात्यांची कात्री आणून त्यांच्या हातात दिली. वस्तादांची बोटं सवयीनं कड्यांमध्ये गेली, पण मूठ थरथरत होती, पाती एकमेकांवर वाजत होती. त्यांनी कात्री उलटी करून परत पुढे केली.

"माझा हात आता तुझ्या तेव्हाच्या हातासारखा झालाय. तूच काप."

"नाही फुटली तर?"

"कापायचं काम आपलं. फुटायचं काम तिचं. चल, चढ स्टुलावर."

सुनेनं जाऊन सावकाशरावांच्या बायकोला बोलावून आणलं. ती पिशवीभर रिकाम्या बरण्या घेऊन आली. लोशनच्या बाटल्या, फेसाचे कप, जे सापडेल त्यात पाणी भरून तिघांनी आरशांपुढे रांग लावली. सावकाशरावांनी सुरुवात केली. एकेक पेर बघायचे, त्याच्या खाली बोटभर जागा सोडायचे, आणि मग तिरकी एकच कात्री. वस्ताद बाकावर मान कलती करून नुसता आवाज ऐकत होते. चष्मेवाला मध्येच केस कापायला आला, दारात उभा राहून बघू लागला आणि जन्मात पहिल्यांदा घाई न करता थांबला. दोन तास लागले. तेवीस तुकडे झाले.

रिकामी कुंडी बायकोनं मागे नेऊन धुतली. पालथी घातली तेव्हा तिनं बूड बघितलं. ती बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे पाणी तुमचं जास्त नव्हतं. कुंडीच माझी खोटी होती."

"पाणी मीच घालत होतो ना?" सावकाशराव म्हणाले. "कुंडी झकास आहे. भोक काय, पाडून घेता येतं."

वस्ताद जायला उठले. सावकाशराव वाट बघत होते, पण वेलीसाठी त्या दिवशी वस्ताद ‘चालेल’सुद्धा म्हणाले नाहीत. सुनेचा हात धरून मुकाट निघून गेले.

पुढचे दिवस सावकाशरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दोन दिवसांआड सगळं पाणी बदलायचे. बाटल्या उजेडाकडे धरून बघायचे. गिऱ्हाईक खुर्चीत, कात्री हातात, आणि नजर आरशात नसून आरशाखालच्या बाटल्यांवर. पाचव्या दिवशी दोन तुकडे काळे पडले. आठव्या दिवशी आणखी एक. फरशीवर पडलेल्या केसांकडे बघून त्यांना वाटायचं, मी म्हणत होतो तेच खरं, कापलं की कापलं. बुधवार आला, वस्ताद आले नाहीत. सुनेनं निरोप पाठवला की ताप आहे. पुढच्या बुधवारीही आले नाहीत.

मधे एक बाई बाळाला घेऊन आल्या. "गोटा केला की दाट येतात ना?" एरवी तोंडावर असलेलं उत्तर सावकाशरावांना देता येईना. "काय सांगू बाई," ते म्हणाले, "मलाच बघायचंय." बाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाळाच्या डोक्यावरून मात्र त्यांनी कधी नव्हे इतक्या जपून हात फिरवला.

सतराव्या दिवशी सकाळी फेसाच्या कपातल्या तुकड्याच्या पेराला मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका दिसला. सावकाशरावांना वाटलं साबण आहे. बोटानं पुसला, गेला नाही. दुसऱ्या बाटलीत बघितलं, तिथेही. त्यांनी दुकान उघडं टाकलं आणि रस्त्यानं धावत घरी गेले. सावकाशरावांना धावताना बघून चष्मेवाला दुकानाबाहेर आला, म्हणाला, कुठे आग लागली की काय! संध्याकाळी बायको कुंडी घेऊन काच कापणाऱ्याकडे गेली आणि तिच्या बुडाला छानसं गोल भोक पाडून घेऊन आली.

तिसऱ्या बुधवारी वस्ताद आले. तापानं फार उतरले होते, सुनेच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. खुर्चीकडे न वळता आधी बाकावर बसले.

"बाटली दे."

एव्हाना तेवीसातल्या एकोणिसांना मुळं आली होती, पांढरी, नखाएवढी. सावकाशरावांनी एक तुकडा पाण्यातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. वस्तादांनी अंगठ्यानं मुळं चाचपली. मग अंगठा खाली नेऊन कापलेलं टोक चाचपलं, आणि तिथेच थांबले. "दुसरा दे," म्हणाले. मग तिसरा. मग चौथा. मुळांवरून हात भरभर जायचा, कापलेल्या टोकावर येऊन रेंगाळायचा. सगळी टोकं एका मापाची, एका तिरकेपणाची, पेराखाली बोटभर.

"एखादा परत कापलास का? थोडं जास्त राहिलं, थोडं सारखं करू, असं?"

"नाही. एकेकदाच."

वस्तादांनी तुकडा हातात तसाच धरून ठेवला. पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत जात होतं, त्यांना त्याचं भान नव्हतं.

"चांगला हात आहे तुझा," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. दर बुधवारी गालाला हात लावला की मला कळायचं ते. तोंडातून निघायचं नाही. फार आधी सांगायला हवं होतं मी."

"कुंडी... कुंडी जरा विसळून आणतो," असं कसंबसं म्हणून सावकाशरावांनी ती निळी कुंडी उचलली, जी सकाळीच स्वच्छ विसळून ठेवली होती, आणि मागच्या मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला.

नळ वाहत राहिला. सुनेच्या लक्षात आलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. वस्तादांनी मान कलती करून बराच वेळ तो आवाज ऐकला, आणि मग मोठ्यानं हाक मारली, "अरे, पाणी बेतानं! त्यानंच मूळ कुजलं ना?"

आतला नळ क्षणभर थांबला, आणि मग परत सुरू झाला.